घरातले यंत्र आणि घरवाल्यांचे मत

इतिहास म्हटला की शिलालेख, ताम्रपट, लढाया आणि तहनामे आठवतात. देगलूर तालुक्याला तसा इतिहास कमी नाही. होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे त्याची साक्ष देत आजही उभी आहेत. परंतु आज जो इतिहास सांगावयाचा आहे तो दगडात कोरलेला नाही. तो घराच्या कोनाड्यात, फळीवर, टेबलावर आणि आता माणसाच्या खिशात वसलेला आहे. घरात बसून ऐकण्या-पाहण्याची जी यंत्रे आली, त्यांचा हा इतिहास. त्यातही यंत्रांपेक्षा यंत्र विकत घेणाऱ्या माणसाचा अधिक.

आज देगलूरच्या बाजारात कोणालाही विचारा, हाती स्मार्टफोन नाही असा तरुण विरळा. त्या फोनवर चित्रपट, मालिका, क्रिकेट दाखवणाऱ्या सेवा एकामागून एक निघाल्या. त्यांना ओटीटी म्हणतात. दर सेवेची वर्गणी वेगळी. या फोनविषयी आणि या सेवांविषयी ग्राहकाचे मत काय, अशी चर्चा वरचेवर चालते. बरं, मत असणे ही एक गोष्ट झाली. ते मत कोणी विचारते का, कोणत्या वाटेने ते पोचते, आणि पोचल्यावर काही बदलते का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर सत्तर-ऐंशी वर्षे मागे जावे लागते.

देगलूर हे वेशीवरचे गाव. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. जिल्ह्याचे ठिकाण नांदेड इथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद दोनशेच्या आसपास, आणि मुंबई त्याच्या तिपटीहून दूर. मराठी बोलणाऱ्या घराशेजारी तेलुगु बोलणारे घर, पलीकडे कन्नड, त्याच्या पलीकडे उर्दू, असा इथला शेजार. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळे आंध्रात गेली आणि बाकीचा तालुका नांदेड जिल्ह्याबरोबर द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. कालपर्यंत एकाच तहसिलीत येणारी माणसे दोन राज्यांत वाटली गेली. नकाशावरची रेघ सरकली. पण सोयरिकी, बाजारहाट आणि जिभेवरची भाषा अशा रेघेने कापली जात नाही. आकाशातून येणाऱ्या ध्वनिलहरींना तर हद्द ठाऊकच नसते.

रेडिओ प्रथम ऐकू आला तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत १९३० नंतरच्या दशकात रेडिओ केंद्र सुरू झाले व पुढे ते सरकारी झाले. डेक्कन रेडिओ या नावाने लोक त्याला ओळखत. राज्याची भाषा उर्दू, तेव्हा त्या केंद्राचा तोंडवळाही उर्दूच. त्या काळी रेडिओ ही मोठ्या घरची वस्तू होती. पाटील, देशमुख, व्यापारी, एखादा वकील यांच्याकडेच ती असायची. ऐकणाऱ्याला काय आवडते हे विचारण्याची पद्धत नव्हती. सरकारने बोलावे व रयतेने ऐकावे, एवढाच व्यवहार.

तथापि माणसाच्या हाती एक गोष्ट होती, ती म्हणजे रेडिओची सुई. भारत १९४७ च्या ऑगस्टात स्वतंत्र झाला. हैदराबाद संस्थान मात्र बाहेर राहिले. त्या तेरा महिन्यांत एकाच घडामोडीची दोन रूपे कानी पडत. हैदराबादचा रेडिओ एक सांगे, दिल्ली-मुंबईचा दुसरे. कोणाचे खरे मानायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. अखेर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि ती बातमीही लोकांना रेडिओवरूनच कळली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आपण जो दिवस पाळतो, त्या दिवशी राज्य बदलल्याची पहिली वर्दी देणारे यंत्र रेडिओ होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ऑल इंडिया रेडिओची अवघी सहा केंद्रे भारताच्या वाट्याला आली होती. पुढे संस्थानांतली केंद्रे त्यात आली. हैदराबाद आणि औरंगाबाद ही निजामाच्या राज्यातली दोन केंद्रे १९५० साली ऑल इंडिया रेडिओने ताब्यात घेतली. रेडिओ बाळगायला परवाना लागे. पोस्टात जाऊन वर्षाची ठराविक फी भरावी लागे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यावा लागे. १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत बंद झाली. आजच्या तरुणांना हे नवल वाटेल. पण घरात ऐकायचे तर आधी वर्गणी भरायची, ही चाल आज निघालेली नाही. ती तुमच्या आजोबांच्या वेळचीच आहे. फरक इतकाच की आजोबा वर्षातून एकदा एकाच खिडकीवर पैसे भरत आणि पावती घडी करून पेटीत ठेवत.

आता ऐका एक मोठी मौजेची हकीकत. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर आपल्या पुण्याचे. संगीताची जाण असलेले, शास्त्रीय संगीतावर जीव असलेले गृहस्थ. सरकारी रेडिओने लोकांची अभिरुची घडवावी असे त्यांचे मत होते, आणि त्या मतात खोट नव्हती. परंतु सिनेसंगीत त्यांना हलके वाटे. त्याची वेळ कमी करण्यात आली, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून तेही थांबवण्यात आले, निर्मात्यांशी वाद पेटला आणि ऑल इंडिया रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली.

लोकांनी काय केले? मोर्चा काढला नाही, निवेदन दिले नाही. त्यांनी सुई फिरवली. समुद्रापलीकडे रेडिओ सिलोन होता. त्याच्याजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्करासाठी उभारलेले जबरदस्त लघुलहरी प्रक्षेपक होते. त्याच वर्षी, १९५२ च्या डिसेंबरात, तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरात शिरला. दंतमंजनाच्या एका कंपनीने आठवड्याचा अर्धा तास विकत घेतला आणि सारा देश त्या वेळेला कामधाम सोडून बसू लागला. श्रोत्यांनी पत्रे लिहावीत, कोणते गाणे वर आणि कोणते खाली ते कळवावे, असा तो खेळ. पत्रांचे ढीग पडू लागले, आठवड्याला हजारोंनी.

पोस्टकार्ड ही किती साधी गोष्ट! पण त्यावर माणसाचे नाव असते, गावाचे नाव असते. बिहारातले, आजच्या झारखंडातले, झुमरीतलैया नावाचे एक लहानसे गाव केवळ फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले. अभ्रकाच्या खाणींचे ते गाव. तिथल्या लोकांनी एवढी पत्रे लिहिली, की निवेदकाने ते नाव घेतले नाही असा दिवस विरळा. लहान गावालाही आवाज असतो आणि तो मोठ्या शहराइतकाच दूर जातो, हे त्या नावाने दाखवून दिले.

अखेर सरकारला वळावे लागले. केसकर मंत्री असतानाच, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू झाली आणि कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिची घडी बसवली. सिनेमाची गाणी परत आली. सोबत नाटुकली, लोकसंगीत, जवानांसाठी फर्माइशी आल्या. पाच वर्षांत एका देशाच्या सरकारने आपले धोरण बदलले, ते ऐकणाऱ्यांच्या मतामुळे. मत दोन वाटांनी पोचले होते. एक वाट सुईची, म्हणजे न ऐकण्याची. दुसरी पोस्टकार्डाची, म्हणजे स्पष्ट बोलण्याची.

तिसरी एक वाट त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातच काढली गेली आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली. दर गावी पंधरा-वीस जणांचे श्रोतामंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, शेती, आरोग्य, शिक्षण, पंचायत अशा विषयांवर कार्यक्रम. एकूण वीस कार्यक्रम झाले. ऐकून झाले की मंडळी उठून जात नसत. बसून त्यावर बोलत, वाद घालत, ठरवत. आणि त्यांचे प्रश्न, शंका, तक्रारी पुण्याला कळवल्या जात. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर मिळे. ऐका, चर्चा करा, करून पाहा असा त्याचा मंत्र होता. या प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली आणि १९५९ पासून तो देशभर नेण्यात आला. त्या प्रयोगाच्या वेळी मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. म्हणून आपली गावे त्यात नव्हती. पण धडा सर्वांसाठी आहे. यंत्राला पुसता येते, आणि यंत्रामागच्या माणसाने उत्तर द्यावे लागते, हे त्या मंडळांनी शिकवले.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि विजेची तार नसलेल्या वाडीवस्तीवरही रेडिओ पोचला. औत हाकणारा गडी तो झाडाला अडकवून ठेवू लागला. १९६८ मध्ये परभणीला आकाशवाणी केंद्र झाले, १९७६ मध्ये औरंगाबादला, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीस नांदेडला एफ. एम. केंद्र आले. हैदराबादकडे वळलेला देगलूरचा कान हळूहळू मराठवाड्याकडे वळू लागला. स्वतःच्या बोलीतली शेतीची माहिती, जवळच्या बाजाराचे भाव, ओळखीच्या गावांची नावे रेडिओवर येऊ लागली, की माणसाला ते यंत्र आपले वाटते.

चित्रवाणीच्या बाबतीत मात्र वेशीवर असण्याची किंमत मोजावी लागली. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने भारताने खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा प्रसिद्ध प्रयोग केला. सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे गावांत संच बसले. त्या सहांत आंध्र होता, कर्नाटक होता, महाराष्ट्र नव्हता. देगलूरच्या दोन्ही शेजाऱ्यांची नावे यादीत, आणि मध्ये देगलूर कोरडे! कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे यंत्र देणारा ठरवतो. राज्याच्या रेघेमुळे कसा फरक पडतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

त्यानंतरचा काळ बहुतेकांच्या आठवणीतला आहे. १९८७ च्या जानेवारीत रामायण मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. एका संचापुढे साऱ्या गल्लीने बसायचे. चपलांचा ढीग ओसरीत, पोरे पुढे, बायका एका बाजूला, म्हातारे खुर्चीवर. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गल्लीगल्लीत केबलवाला आला. १९९९ मध्ये झी समूहाची मराठी वाहिनी निघाली. २००० च्या जुलैत ईटीव्ही मराठी सुरू झाली, ती हैदराबादच्या रामोजी समूहाची. पाहा काय योग! ज्या हैदराबादेतून निजामाचा उर्दू रेडिओ बोलत होता, त्याच शहरातून पन्नास वर्षांनी मराठी मालिका आणि मराठी बातम्या देगलूरला येऊ लागल्या. फतव्याने जे झाले नव्हते, ते मराठी ग्राहकाच्या संख्येने झाले. मराठी माणूस मराठीत पाहतो, आणि त्यासाठी पैसे मोजतो, हे व्यापाऱ्याला पटले, एवढाच त्याचा अर्थ.

मग मोबाईल आला. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल संवाद कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाला. त्या वेळी मिनिटाचा दर इतका, की सामान्य माणसाने फोन नुसता पाहावा. आलेल्या फोनलाही पैसे पडत. ते २००३ मध्ये बंद झाले. तरीही बरीच वर्षे मोबाईल म्हणजे बोलण्याचेच यंत्र होते. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४ मध्ये एक जीबी डेटाला सुमारे २६९ रुपये पडत. एवढ्या दराने चित्रपट कोण पाहणार? ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, आरंभीचे काही महिने ती फुकट मिळाली, आणि थोड्याच वर्षांत तोच दर दहा-बारा रुपयांवर उतरला. इतक्या झपाट्याने स्वस्त झालेली दुसरी वस्तू आपल्या बाजारात सांगता येणार नाही.

स्वस्त डेटाच्या पाठोपाठ सेवांचे पीक आले. हॉटस्टार २०१५ चे, नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ २०१६ चे, झी फाइव्ह २०१८ चे. तेलुगुसाठी २०२० मध्ये आहा निघाले, मराठीसाठी २०२१ मध्ये प्लॅनेट मराठी. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात वेव्हज् सुरू केले. एका घरात सासूबाई मराठी मालिका पाहतात, सुनेला तेलुगु चित्रपट आवडतात कारण माहेर सीमेपलीकडचे, मुलाला क्रिकेट पाहिजे, नातवाला कार्टून. प्रत्येकाचे दुकान निराळे. वेशीवरच्या गावात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण इथे घराची आवडच मुळी दोन-तीन भाषांची असते.

लोकांचे म्हणणे काय आहे? चावडीवर, पानपट्टीवर, बसस्थानकावर जे ऐकू येते त्याचा गोषवारा सांगायचा तर चांगले आणि वाईट दोन्ही सांगावे लागेल. चांगले असे की शेतकऱ्याला हवामान आणि बाजारभाव जागेवर कळतो. परीक्षेला बसणारी मुलगी लातूरला न जाता शिकवणी ऐकते. पुण्या-हैदराबादेला कामासाठी गेलेल्या लेकाचे तोंड आईला रोज दिसते. हे कोणी नाकारत नाही. तक्रार आहे ती वेगळी. "एक रिचार्ज झालं की दुसरं उभंच," असे म्हणतात. "पैसे भरून बी जाहिराती बघायच्या व्हय?" असेही विचारतात. तो प्रश्न अगदी रास्त आहे. प्राइम व्हिडिओने जून २०२५ पासून भारतात वर्गणीदारांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे मागितले. आयपीएलचे सामने २०२३ मध्ये जिओसिनेमावर सर्वांना फुकट होते. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन मोठ्या सेवा एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाली, आणि त्या वर्षीचे सामने पाहायला वर्गणी किंवा ठराविक रिचार्ज लागू लागले. आधी सवय लावायची, मग दर लावायचा, ही व्यापाराची जुनी रीत आहे. चहाच्या कंपन्यांनी आपल्या आजोबांना फुकट चहा पाजला होता, तो काही धर्म म्हणून नव्हे.

मात्र ग्राहक अगदीच लुळा आहे असे समजू नये. सुई फिरवण्याची वाट आजही उघडी आहे. नेटफ्लिक्स आले तेव्हा त्याची सर्वांत स्वस्त योजना महिन्याला ५०० रुपयांची होती. आपल्या लोकांना ती परवडेना. २०१९ मध्ये केवळ मोबाईलसाठी १९९ रुपयांची योजना काढावी लागली आणि २०२१ च्या डिसेंबरात ती १४९ वर आणावी लागली. न घेणे हेसुद्धा एक मतच असते. १९५२ साली ऑल इंडिया रेडिओला जे कळले, तेच सत्तर वर्षांनी परदेशी कंपनीला कळले.

पण दुसऱ्या वाटेचे काय? पोस्टकार्डाचे काय? इथे जरा थांबून विचार केला पाहिजे. आज आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले, कुठे कंटाळून सोडले, हे सारे यंत्र आपोआप टिपून ठेवते आणि त्यावरून पुढे काय दाखवायचे ते ठरवते. कंपनी म्हणेल, तुमचे मत आम्हांला क्षणोक्षणी कळते. श्रोतेहो, मोजणे आणि विचारणे यांत मोठे अंतर आहे. वैद्य नाडी मोजतो, पण दुखते कुठे हे विचारतोच. एखादी आजी रोज दोन तास मालिका पाहते, एवढे यंत्राला कळते. ती आवडीने पाहते की दुसरे काही लावता येत नाही म्हणून पाहते, हे यंत्राला कळत नाही. देगलूरच्या बोलीतला, वेशीवरच्या जीवनाचा एखादा चित्रपट तिला पाहायचा होता, हे तर त्याला कधीच कळायचे नाही; कारण जे दुकानात नाही ते मागितले गेल्याची नोंद होत नाही. पोस्टकार्डावर मात्र नसलेली गोष्टही मागता येत होती. आणि मागणाऱ्याच्या नावाखाली गावाचे नाव असे.

म्हणून ज्या ज्या वेळी लोक खरोखर बोलले, त्या वेळी काय झाले ते पाहू. २०१५ साली काही संकेतस्थळे स्वस्त अथवा फुकट आणि बाकीची महाग, असा बेत पुढे आला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, लोकांची मते मागवली. दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. ती नव्या काळाची पोस्टकार्डेच म्हणा ना! ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असा भेदभाव करणारे दर बंद केले. दुसरे उदाहरण घरोघरचे आहे. रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असे. म्हणजे वर्षाचे तेरा महिने! लोकांनी तक्रारी केल्या, आणि जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने आदेश काढला की तीस दिवसांची निदान एक योजना प्रत्येक कंपनीने ठेवलीच पाहिजे. तिसरे उदाहरण म्हाताऱ्याकोताऱ्यांचे. ज्याला नुसते बोलायचे आहे त्यालाही डेटाचे पैसे का? २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने नियम केला, की केवळ बोलणे आणि संदेश यांपुरती स्वतंत्र योजना द्यावी. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले होते, त्यानंतरची ही गोष्ट. हे तिन्ही बदल यंत्राने मोजून झाले नाहीत. माणसांनी बोलून झाले.

बोलण्याची रीतही महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, दुसऱ्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ च्या डिसेंबरात देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी या कायद्याखाली ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी जाहीर झाली. त्यांत वर्गणीचा सापळाही आहे. घेताना एक बोट दाबले की काम होते, आणि बंद करताना दहा दारे ठोठवावी लागतात. अशी व्यवस्था करणे आता नियमाविरुद्ध आहे. खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाला. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. तो संदेश वाचायचा आळस करू नये. आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता केंद्रात मराठीतून तक्रार नोंदवता येते. त्याला पैसा लागत नाही.

शिवाय घरात बसून करता येण्याजोगे एक काम आहे. आजोबा परवान्याची पावती पेटीत ठेवत. तशी एक वही घरात असावी. कोणत्या सेवेची वर्गणी कधी भरली, ती कधी संपते, आणि गेल्या महिन्यात ती कोणी पाहिली, एवढेच त्यात लिहावे. जिच्यापुढे कोणाचेच नाव येत नाही ती बंद करावी. आणि घरातल्या चारही जणांनी महिन्यातून एकदा, फोन बाजूला ठेवून, आपण काय पाहिले आणि काय पाहायला मिळत नाही, यावर बोलावे. १९५६ च्या श्रोतामंडळांनी याहून वेगळे काय केले होते? ऐकले, बोलले, ठरवले, कळवले. फोन प्रत्येकाच्या हाती वेगळा आला, तेव्हापासून ऐकणे एकट्याचे झाले. आणि ऐकणे एकट्याचे झाले की मतही एकट्याचे होते. एकट्याचे मत कोणाच्या कानी जात नाही.

निजामाच्या रेडिओने विचारले नाही. उपग्रहाच्या प्रयोगाने वगळले. परंतु सिलोनकडे वळलेल्या सुईने दिल्लीला वळवले, आणि मराठी ग्राहकाने हैदराबादला मराठीत बोलते केले. वेशीवरच्या गावाने वाट पाहिली तेव्हा ते कोरडे राहिले, आणि मागितले तेव्हा थोडेबहुत मिळाले, असा हा सत्तर-ऐंशी वर्षांचा जमाखर्च आहे. आज देगलूरच्या बाजारात पोस्टकार्ड मागणारा कोणी दिसत नाही. तरी लिहायची गोष्ट तीच आहे: आम्हांला काय पाहिजे, किती किमतीला पाहिजे, कोणत्या भाषेत पाहिजे, आणि खाली आपले नाव व गाव, तालुका देगलूर, जिल्हा नांदेड.